फर्स्ट क्लास आणि विमानतळावरचे लाउंज : तासांचा हिशेब मांडून केलेला प्रवास

फर्स्ट क्लासचं तिकीट घेणारा माणूस बहुतेकदा सीट बघून निवड करतो. दरवाजा आहे का, पलंग किती लांब होतो, स्क्रीन केवढा आहे. पण या तिकिटाची निम्मी किंमत जमिनीवर, विमानतळावरच्या लाउंजमध्ये (जेवण आणि विश्रांतीच्या राखीव दालनात) वसूल होते, आणि ती वसूल व्हायची की नाही हे तिकीट काढतानाच ठरून गेलेलं असतं. कोणत्या शहरातून निघायचं, किती वाजताचं विमान, मध्ये किती तास थांबायचं, हे चुकलं तर उत्तम सीट मिळूनही प्रवास अर्धाच पदरात पडतो. म्हणून सुरुवात तिकिटापासून.

नाव फर्स्ट, पण आहे काय?

अमेरिकेतल्या देशांतर्गत विमानांत ‘फर्स्ट क्लास’ म्हणून विकली जाते ती बहुतांशी मागे रेलणारी रुंद खुर्ची असते. ती पूर्ण आडवी होत नाही आणि केवळ त्या तिकिटावर लाउंजमध्ये प्रवेशही सहसा मिळत नाही. लांब पल्ल्याचं खरं फर्स्ट क्लास वेगळं: बिझनेस क्लासच्याही पुढे छोटासा स्वतंत्र कक्ष, त्यात अगदी मोजक्या सीट्स. एअर फ्रान्सच्या बोइंग ७७७-३००ईआरमध्ये ‘ला प्रीमिएर’ या फर्स्ट क्लासच्या फक्त ४ सीट्स असतात, सिंगापूर एअरलाइन्सच्या एअरबस ए३८० या दुमजली विमानात वरच्या मजल्यावर ६ सुईट (दार लावता येणाऱ्या छोट्या खोल्या), एमिरेट्सच्या ए३८० मध्ये १४.

बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी फर्स्ट क्लास बंदच केला आहे, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्याही सगळ्या विमानांत तो नसतो. म्हणून कंपनीच्या नावावर जाऊ नका, त्या दिवसाचं विमान तपासा. बुकिंग करताना विमानाचा प्रकार दिसतो. सीट-नकाशा उघडून सर्वांत पुढे स्वतंत्र कक्ष आहे का आणि एका रांगेत किती सीट्स आहेत ते पाहा. १-२-१ किंवा १-१-१ अशी मांडणी आणि जेमतेम दोन-चार रांगा दिसल्या तर तुम्ही योग्य ठिकाणी आहात. आरक्षणाच्या श्रेणीचं अक्षर बऱ्याच कंपन्यांत ‘एफ’ किंवा ‘ए’ असतं, पण नुसत्या अक्षरावर विसंबू नका. देशांतर्गत फर्स्टलाही ‘एफ’ वापरतात.

विमान आयत्या वेळी बदलतं, हा या श्रेणीतला सर्वांत मोठा धोका आहे. तांत्रिक कारणाने दुसरं विमान लावलं आणि त्यात फर्स्ट क्लासच नसेल, तर तुम्हाला बिझनेसमध्ये बसवलं जातं. बुकिंग झाल्यावर महिन्यातून एकदा, शेवटच्या आठवड्यात रोज एकदा सीट-नकाशा उघडून बघा. तुमची सीट गायब झाली किंवा तिचा क्रमांक आपोआप बदलला, तर तीच पहिली सूचना. तेव्हाच फोन केला तर दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा मागता येते. काउंटरवर पोचल्यावर पर्याय उरत नाहीत. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या कोणत्याही विमानात, किंवा बाहेरून तिथे जाणाऱ्या युरोपीय कंपनीच्या विमानात, खालच्या श्रेणीत बसवलं तर नियम २६१/२००४ प्रमाणे त्या उड्डाणाच्या तिकिटाचा ठरावीक हिस्सा परत मिळतो: १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, मधल्या अंतरांना ५० टक्के, आणि युरोपबाहेरच्या ३,५०० किलोमीटरहून लांब उड्डाणांना ७५ टक्के. ही रक्कम मागावी लागते. मूळ तिकीट आणि खालच्या श्रेणीचा बोर्डिंग पास, दोन्ही जपून ठेवा.

शहर आणि वेळ निवडणं

लेखातला सर्वांत कामाचा मुद्दा हाच आहे. कंपनीचं स्वतःचं फर्स्ट क्लास लाउंज जवळजवळ नेहमी तिच्या मुख्य विमानतळावर असतं. बाकीच्या बहुतेक शहरांत तुम्हाला बिझनेस क्लासच्या किंवा भाड्याच्या लाउंजमध्ये पाठवलं जातं, तिथे गर्दी आणि बुफे. त्यामुळे एकाच दिशेला फर्स्ट क्लास परवडत असेल, तर मुख्य विमानतळावरून निघणारी दिशा घ्या. एमिरेट्ससाठी दुबई, सिंगापूर एअरलाइन्ससाठी चांगी, कॅथे पॅसिफिकसाठी हाँगकाँग, लुफ्थान्सासाठी फ्रँकफर्ट आणि म्युनिक, स्विससाठी झुरिच, एअर फ्रान्ससाठी पॅरिसचा शार्ल द गोल. तिथे विमान बदलणार असाल, तर निदान पुढचा टप्पा फर्स्टमध्ये असू द्या. लाउंजचा हक्क साधारणपणे पुढच्या उड्डाणाच्या श्रेणीवरून ठरतो, आलेल्या उड्डाणावरून क्वचितच.

मध्ये थांबायचं किती? दोन तासांत लाउंज बघून होतं, अनुभवून होत नाही. चार ते पाच तास हा चांगला अवकाश: अंघोळीला पाऊण तास, जेवणाला दीड तास, तासभर आडवं होणं आणि गेटपर्यंतची चाल. सहा तासांच्या पुढे मात्र कंटाळा येतो. तेवढा वेळ असेल आणि व्हिसाची अडचण नसेल तर शहरात फेरी मारून या.

रात्रीच्या विमानाचा हिशेब वेगळा करायचा. समजा उड्डाण सात तासांचं आहे. सीटबेल्टचा दिवा विझेपर्यंत अर्धा तास जातो आणि उतरण्याआधी पाऊण-एक तास उठावं लागतं. उरले साडेपाच तास. त्यात दोन तासांचं जेवण घेतलं तर झोप साडेतीन तासांची. म्हणून अशा विमानाच्या आधी लाउंजमध्ये पोटभर जेवा आणि विमानात चढताच पलंग घालायला सांगा. उलट, दिवसाचं बारा तासांचं उड्डाण असेल तर लाउंजमध्ये हात आखडता ठेवा, विमानातल्या जेवणासाठी भूक राखा. दोन्हीकडे पूर्ण जेवण्याचा मोह अनेकांना होतो, आणि मग विमानातलं उत्तम ताट अर्धवट परत जातं.

पैसे, माइल्स की अपग्रेड

रोख तिकिटात जाऊन-येऊन काढलेलं तिकीट कित्येकदा एकेरी दोन तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं, आणि शेजारच्या देशातून निघालं तर भाडं बरंच खाली येतं. पण त्यासाठी खरोखर त्या शहरातून निघावं लागतं. पहिला टप्पा सोडून मधूनच चढायचा प्रयत्न केला, तर कंपनी पुढचे सगळे टप्पे रद्द करते. ब्रिटनमधून निघणाऱ्या लांबच्या उड्डाणांवर इकॉनॉमीपेक्षा वरच्या श्रेणींना सरकारी प्रवासी कर जास्त असतो. लंडनहून निघणं आणि लंडनला येणं यांत म्हणूनच फरक पडतो.

माइल्सवर, म्हणजे कंपनीच्या नियमित प्रवाशांसाठीच्या कार्यक्रमात जमवलेल्या गुणांवर, फर्स्ट क्लास मिळतो, पण दोन अडसर आहेत. एक, जागा. बऱ्याच कंपन्या या जागा सुमारे ३५० ते ३६० दिवस आधी एक-दोन करून सोडतात, मग मधले महिने शुकशुकाट, आणि न विकलेल्या जागा शेवटच्या दोन आठवड्यांत पुन्हा दिसू लागतात. ज्यांच्या तारखा लवचीक आहेत त्यांनी या दोन टोकांना शोधावं. दुसरा अडसर, हक्क. सिंगापूर एअरलाइन्सचे सुईट तिच्या स्वतःच्या क्रिसफ्लायर माइल्सवरच मिळतात असं समजून चाला. ‘ला प्रीमिएर’ माइल्सवर घ्यायला एअर फ्रान्सच्या कार्यक्रमात वरचा दर्जा लागतो. त्यामुळे आधी जागा शोधा, नियम वाचा आणि मगच बँकेचे पॉइंट्स विमान कंपनीकडे वळवा. वळवलेले पॉइंट्स परत येत नाहीत, आणि चुकीच्या कार्यक्रमात अडकलेले लाखभर पॉइंट्स ही या छंदातली नेहमीची शोकांतिका आहे. माइल्ससोबत भरायचा कर आणि इंधन अधिभारही आधी पाहा. काही कंपन्यांत तोच आकडा डोळे पांढरे करतो.

अपग्रेड साधारण एकाच पायरीचं होतं: बिझनेसमधून फर्स्टमध्ये. इकॉनॉमीतून थेट फर्स्ट ही आशा ठेवू नका. बिझनेसचं तिकीट काढण्याआधी त्या भाड्यावर माइल्सने अपग्रेड चालतं का ते विचारा, कारण सर्वांत स्वस्त भाड्यांवर ते बरेचदा बंद असतं. आणखी एक बारीक गोष्ट: रोख रकमेची बोली लावून किंवा काउंटरवर पैसे भरून मिळालेल्या अपग्रेडवर फर्स्ट क्लास लाउंज मिळेलच असं नाही. हे लेखी अटींमध्ये असतं. पैसे भरण्याआधी वाचा.

फक्त चव घ्यायची असेल तर एक छान वाट आहे. काही कंपन्या दोन परक्या शहरांदरम्यानही उडतात. एमिरेट्सचं मिलान ते न्यूयॉर्क किंवा सिडनी ते क्राइस्टचर्च हे त्यातलेच मार्ग. पूर्ण लांबीच्या मार्गापेक्षा भाडं कमी आणि विमान तेच.

सीट आणि आधीची मागणी

तिकीट हाती आलं की त्याच दिवशी तीन कामं उरका.

पहिलं, सीट. एकटे असाल तर खिडकीची, स्वयंपाककक्ष आणि स्वच्छतागृह यांच्यापासून शक्य तितकी दूर. रात्री तिथले पडदे, कप्पे आणि दिवे झोप मोडतात. दोघं असाल तर मधली जोडी. सिंगापूर एअरलाइन्सच्या ए३८० मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या रांगेतले एकाच बाजूचे सुईट जोडून दुहेरी पलंग होतो, तिसऱ्या रांगेतले जोडले जात नाहीत. जोडप्यांनी हे न बघता तिसरी रांग घेतली की हळहळ ठरलेली.

दुसरं, जेवण. सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘बुक द कुक’ सोयीत मुख्य पदार्थ निदान २४ तास आधी निवडायचा असतो, आणि ती यादी विमानातल्या छापील यादीपेक्षा मोठी असते. शाकाहारी, ग्लुटेनविरहित अशी खास ताटंही साधारण २४ ते ४८ तास आधी सांगावी लागतात. मात्र खास ताट मागितलं की तुमच्या नावाचं नेहमीचं ताट विमानात चढतंच असं नाही. यादीतल्या दोन-तीन पदार्थांनी तुमचं भागत असेल तर खास मागणी करू नका.

तिसरं, गाडी. काही कंपन्या घर ते विमानतळ गाडी देतात, पण ती आपोआप येत नाही. निदान एक दिवस आधी नोंदवा. माइल्सवरच्या तिकिटावर ही सोय सरसकट मिळत नाही.

विमानतळावर

फर्स्ट क्लासच्या प्रवाशांसाठी बऱ्याच मुख्य विमानतळांवर वेगळं प्रवेशद्वार असतं आणि ते नेहमीच्या काउंटरांच्या रांगेत दिसत नाही. आदल्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर नकाशा पाहून दार क्रमांक लिहून ठेवा. हीथ्रोच्या टर्मिनल ५ मध्ये ब्रिटिश एअरवेजची ‘फर्स्ट विंग’ टर्मिनलच्या एका टोकाला आहे. तिथली सुरक्षा तपासणी संपली की तुम्ही थेट लाउंजच्या दिशेला निघता. मधल्या दारातून आत शिरलात तर हा सगळा फायदा गेला.

फ्रँकफर्टचं उदाहरण आणखी टोकाचं. लुफ्थान्साचं फर्स्ट क्लास टर्मिनल ही २००४ पासूनची स्वतंत्र इमारत आहे. तिथेच चेक-इन, तिथेच सुरक्षा आणि पासपोर्ट तपासणी, तिथेच जेवण आणि बाथटब, आणि शेवटी गाडीतून थेट विमानाच्या पायऱ्यांशी. पण ती इमारत मुख्य टर्मिनलच्या बाहेर आहे. शेंगेन क्षेत्राबाहेरून (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेरून) येऊन फक्त विमान बदलणाऱ्याला तिथे पोचायला आधी देशात प्रवेश करावा लागतो, म्हणजे लागत असेल तर व्हिसा हवा. व्हिसा नसेल तर टर्मिनलच्या आतलं फर्स्ट क्लास लाउंज वापरा. जेवण तिथेही चांगलं मिळतं.

चेक-इन करतानाच दोन प्रश्न विचारा: माझ्या तिकिटावर नेमकं कोणतं लाउंज आहे, आणि बोर्डिंग कुठून होतं? एकाच कंपनीची दोन-तीन लाउंज असतात आणि बाहेरच्या फलकावर मोठ्या अक्षरात असतं ते सहसा बिझनेसचं. चांगीच्या टर्मिनल ३ मधली ‘द प्रायव्हेट रूम’ सिंगापूर एअरलाइन्सच्या स्वतःच्या फर्स्ट आणि सुईट प्रवाशांसाठी आहे. सहयोगी कंपनीचं फर्स्ट क्लास तिकीट तिथे चालत नाही.

कार्ड आणि दर्जा यांची गल्लत इथेच होते, म्हणून थोडक्यात सांगतो. बँकेच्या कार्डावर किंवा प्रायॉरिटी पास या लाउंज-सदस्यत्वावर उघडतात ती सर्वसाधारण लाउंज; बऱ्याच ठिकाणी उड्डाणाआधी तीन तासांपेक्षा लवकर आत घेत नाहीत. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाचं, वारंवार उडणाऱ्यांना मिळणारं गोल्ड कार्ड बिझनेस लाउंजपर्यंत नेतं, फर्स्टच्या दारात ते थांबतं. वनवर्ल्ड या दुसऱ्या गटाचं एमराल्ड कार्ड मात्र इकॉनॉमीच्या तिकिटावरही अनेक फर्स्ट क्लास लाउंज उघडतं, जसं हाँगकाँगमध्ये कॅथेचं ‘द पियर’ किंवा सिडनी-मेलबर्नमधली क्वांटासची फर्स्ट लाउंज. सोबत पाहुणा नेता येतो का, तो त्याच विमानाचा प्रवासी हवा का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. जोडीदार बिझनेसमध्ये असेल तर हे आधी विचाराच.

लाउंजमधले तास

आत शिरल्यावर आधी खुर्ची पकडू नका, स्वागतकक्षाशी थांबा. अंघोळीची खोली, मालिश, झोपण्याची खोली या मोजक्या गोष्टींच्या वेळा तिथे नोंदवतात आणि त्या पटापट भरतात. नोंद झाली की मग जेवणाचा बेत त्याभोवती बसवा. मालिश जेवणाआधी, अंघोळ मालिशनंतर. भरल्या पोटी मालिश सुखाची नसते.

फर्स्ट क्लास लाउंजमध्ये जेवण टेबलावर यादीतून मिळतं. इथे एक साधी युक्ती: अर्धा वाटा मागा. स्वयंपाकघर बहुधा आनंदाने देतं, आणि एका पदार्थाने पोट भरण्याऐवजी तीन चाखता येतात. चवीच्या दृष्टीनेही नाजूक पदार्थ जमिनीवरच खाण्यात शहाणपण आहे. विमानाच्या केबिनमधली हवा वाळवंटापेक्षा कोरडी असते, दाब ६,००० ते ८,००० फुटांच्या डोंगरावर असावा तसा, आणि इंजिनांचा अखंड घोष. खारट-गोड चव त्यात बोथट होते. टोमॅटो, मश्रूम, मुरलेलं चीज यांची चव टिकून राहते, म्हणून विमानात रस्सेदार, मसालेदार पदार्थ जास्त खुलतात. साधा ताजा मासा, हलकं सूप, चांगली पांढरी वाइन ही लाउंजची चैन.

मद्य मोफत आणि उत्तम असतं, त्यामुळे मोजायचं भान राहत नाही. केबिनच्या कोरड्या हवेत तहान आणि डोकेदुखी दोन्ही वाढतात. प्रत्येक पेल्यामागे तेवढंच पाणी, आणि झोपायच्या दोन तास आधी थांबणं, एवढं पाळलं तरी उतरताना चेहरा ताजा राहतो.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. अशा बहुतेक लाउंजमध्ये उड्डाणांची घोषणा होत नाही. शांतता हीच तिथली चैन, आणि त्या शांततेत विमान चुकतं. गेट साधारण १५ ते २० मिनिटं आधी बंद होतं, आणि मोठ्या विमानतळावर लाउंजपासून गेटपर्यंत चालत किंवा आतल्या गाडीने वीस मिनिटं सहज लागतात. मोबाइलमध्ये दोन गजर लावा: एक उड्डाणाच्या ७५ मिनिटं आधी, पडद्यावर गेट तपासायला, दुसरा ५० मिनिटं आधी, निघायला. जिथे कर्मचारी स्वतः येऊन नेतात किंवा गाडी असते तिथे हा ताण नाही, पण ‘तुम्ही मला बोलवायला याल ना?’ असं स्पष्ट विचारून घ्या. दुबईत काही ए३८० उड्डाणांना लाउंजमधूनच थेट वरच्या मजल्यावर चढता येतं. गेट कॉन्कोर्स ‘ए’ या टर्मिनलच्या भागात असेल तर त्याच कॉन्कोर्समधलं लाउंज निवडा.

विमानात

सीटवर बसताच कर्मचारी ओळख करून घेतात. त्याच वेळी चार गोष्टी सांगून टाका: जेवण कधी हवं, झोप कधी, उठवायचं का, आणि न्याहारी हवी की झोप. इथे जेवणाची ठरावीक वेळ नसते, पण तुम्ही न बोलल्यास ते ठरावीक वेळेलाच आणतील. नाइटसूट लगेच मागा, तुमच्या मापाचे संपू शकतात. बाजूचा सुईट रिकामा असेल तर पलंग तिथे घालायला सांगा. स्वतःच्या सीटवर जेवण आणि शेजारी तयार अंथरूण, यासारखी सोय नाही.

एमिरेट्सच्या ए३८० मध्ये शॉवरच्या दोन खोल्या आहेत. पाणी पाच मिनिटांचं मिळतं. ते मध्ये बंद करून साबण लावता येतो, आणि किती उरलं ते समोर दिसतं. उतरण्याआधीच्या दोन तासांतल्या वेळा सगळ्यांनाच हव्या असतात, म्हणून चढल्या चढल्या नोंदवा. विमान हलायला लागलं तर आतल्या आसनावर बसून पट्टा लावायचा असतो. तो कुठे आहे ते कपडे काढण्याआधी बघून घ्या.

झोपताना पट्टा पांघरुणाच्या वरून लावा. खाली लावला तर हवा खराब झाल्यावर तो तपासायला कर्मचाऱ्यांना तुम्हाला उठवावं लागतं.

पोचल्यावर अंघोळ आणि न्याहारीसाठी आगमन लाउंज असतात, पण मोजक्याच विमानतळांवर, आणि त्यातली पुष्कळशी दुपारपर्यंत बंद होतात. ती बहुधा सामान घेऊन, सीमाशुल्क ओलांडल्यानंतर लागतात; बाहेर पडणारं दार चुकलं की परत फिरता येत नाही. सकाळी लवकर उतरणार असाल तर नकाशात ते लाउंज कुठे आहे हे विमान खाली यायला लागण्याआधीच पाहून ठेवा.